कुत्र्याचे रक्त, माणसाचे ऋण

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

माझी सारी नोकरी रक्तपेढीत गेली. एका मोठ्या इस्पितळाच्या रक्तपेढीत मी तंत्रज्ञ होते. सकाळी गेल्यावर पहिले काम म्हणजे फ्रिजचे तापमान वहीत लिहायचे. काटा दोन आणि सहा अंशांच्या मध्ये असला की हायसे वाटायचे. मग पिशव्या मोजायच्या, मुदत संपत आलेल्या पुढे काढून ठेवायच्या आणि खिडकी उघडायची. खिडकीपलीकडे कोणी ना कोणी कागद घेऊन उभे असायचेच. तीस वर्षे हे केले. रक्त म्हणजे फ्रिजमधून काढून देण्याची वस्तू, असे माझ्या हातांना वळण पडले होते.

२०११ साली निवृत्त झाले आणि त्याच पावसाळ्यात मुलुंडच्या घरी वाघ्या आला. गावठी कुत्रा, तांबूस रंगाचा, एक कान पडलेला. मुलाला तो गाडीखाली भिजत बसलेला सापडला. नाव सासूबाईंनी ठेवले. आमचे कुलदैवत जेजुरीचे, तेव्हा दुसरे नाव सुचणे शक्यच नव्हते.

२०१६ च्या जुलैत वाघ्याने खाणे सोडले. दोन दिवस आम्ही म्हटले, पावसाची हवा आहे, होते असे. तिसऱ्या दिवशी तो जिना चढताना मध्येच बसला. मी त्याचा ओठ वर करून पाहिला तर हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा. रात्री नऊला जवळच्या दवाखान्यात नेले. तिथला तरुण डॉक्टर मला ओळखत होता. त्याने रक्त तपासायला घेतले आणि रिपोर्ट माझ्यासमोर धरला. हिमोग्लोबिन ३.२. असा आकडा माणसाचा आला असता तर मी खुर्चीतून उठून वॉर्डला फोन लावला असता.

"काकू, गोचीडताप आहे. औषध सुरू करतो, पण औषधाला दोन दिवस लागतील. तेवढा वेळ याच्याकडे नाही. रक्त द्यावं लागेल."

मी सवयीने विचारले, "किती पिशव्या? मागणीचा फॉर्म द्या, मी भरते."

तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. म्हणाला, "काकू, पिशवी कुठली? आधी कुत्रा शोधायचा."

त्या रात्री आम्ही घाटकोपरपासून बोरिवलीपर्यंत फोन केले. कोणाचा कुत्रा म्हातारा, कोणाचा वजनाला कमी, कोणाच्याच कुत्र्याला मागच्या महिन्यात हाच ताप येऊन गेलेला. कोणी झोपलेले, कोणी सरळ नाही म्हणाले. साडेअकराच्या सुमाराला आमच्या सोसायटीचा वॉचमन मला म्हणाला, "ताई, गेटवर ते काळं कुत्रं असतं ना, मोठं आहे. पोत्यात घालून आणू का?"

आज सांगायला लाज वाटते, पण मी मान हलवली. त्याने आणलेही. डॉक्टरने मात्र हात लावला नाही. म्हणाला, "याची लस नाही, तपासणी नाही. रस्त्यावरच्या कुत्र्याच्या रक्तात हेच जंतू असण्याची शक्यता फार. वाघ्याला तेच परत टोचायचं का? आणि काकू, माणसाला असं पोत्यात घालून आणलं असतं तर तुम्ही रक्त घेतलं असतं?" मी काही बोलले नाही. वॉचमनने ते कुत्रे परत गेटवर नेऊन सोडले आणि बिस्किटाचा पुडा त्याच्यापुढे ठेवला.

शेवटी अंधेरीचे एक गृहस्थ तयार झाले. त्यांचा ब्रूनो म्हणजे चौतीस किलोचा लॅब्रेडॉर. भर पावसात जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने ते रात्री दीडला मुलुंडला पोहोचले. ब्रूनोच्या मानेवरचे केस काढले, शीर सापडली आणि डॉक्टरने कपाटातून रक्ताची पिशवी काढली. पाहते तर तीच पिशवी! साडेतीनशे मिलिलिटरची, आत तळाशी ४९ मिलिलिटर पाण्यासारखा द्रव. हजारो वेळा हाताळलेली, माणसांसाठी बनवलेली. मी न विचारता ती हातात घेतली आणि भरता भरता हळूहळू हलवत राहिले. पहाटे पाचला वाघ्याने मान उचलली.

रक्त घ्यायला पिशवी होती. पण घेतलेले रक्त आधीपासून भरून ठेवलेली पिशवी मात्र कुठेच नव्हती. असे का, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडेना. मग मी वाचायला बसले. वाचता वाचता जे हाती आले, ते आज आपल्यासमोर मांडते आहे.

पहिली गोष्ट अशी कळली की रक्त देण्याची ही विद्याच मुळी कुत्र्यांपासून सुरू झाली. १६६६ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला रिचर्ड लोअर नावाच्या वैद्याने एका मध्यम आकाराच्या कुत्र्याचे रक्त तो मरणाला टेकेपर्यंत काढले. मग एका थोराड कुत्र्याच्या मानेची रोहिणी नळीने त्याच्या शिरेला जोडली. मरणाला टेकलेला कुत्रा पुन्हा सावध झाला. लोअरने लिहून ठेवले आहे, की सोडल्यावर तो टेबलावरून उडी मारून मालकाजवळ गेला आणि अंगावरचे रक्त पुसायला गवतात लोळला. ज्याने रक्त दिले तो कुत्रा मात्र मेला. वाचवलेल्याची हकीकत तपशिलाने लिहिली जाते आणि देणारा एका वाक्यात संपतो, हे तेव्हापासूनच दिसते.

पुढच्याच वर्षी पॅरिसला झां-बाप्तिस्त दनी या वैद्याने कोकराचे रक्त एका मुलाला दिले. तो वाचला. पण पुढे एक रुग्ण दगावला, खटला झाला आणि फ्रान्समध्ये या प्रयोगांवर बंदी आली. दीडशे वर्षे हा विषय थंड पडला. १८१८ च्या सुमाराला लंडनच्या जेम्स ब्लंडेल या प्रसूतितज्ज्ञाने तो पुन्हा हाती घेतला. बाळंतपणात रक्तस्रावाने बायका डोळ्यांदेखत जात, ते त्याला पाहवत नव्हते. त्यानेही आधी प्रयोग केले ते कुत्र्यांवर. कुत्र्याला कुत्र्याचे रक्त चालते, माणसाचे दिले तर तो मरतो, हे त्याने पाहिले आणि माणसाला माणसाचेच रक्त द्यायचे हा नियम त्याने घट्ट धरला.

पण या सगळ्यांची एक मोठी अडचण होती. रक्त बाहेर आले की काही मिनिटांत गोठते. म्हणजे देणारा आणि घेणारा शेजारी शेजारी हवेत, नळी लहान हवी आणि हात चपळ हवा. २०१६ साली मुलुंडच्या दवाखान्यात आमची गत याहून फार वेगळी नव्हती.

ही अडचण १९१४ साली सुटली. ब्रसेल्सला अल्बेर ह्युस्तँ आणि ब्युनोस आयर्सला लुईस आगोते यांनी रक्तात सोडियम सायट्रेट मिसळून ते गोठू न देता रुग्णाला दिले. सायट्रेट रक्तातले कॅल्शियम बांधून ठेवते आणि कॅल्शियमशिवाय गुठळी होत नाही. पण सायट्रेट जास्त झाले तर विषारी. किती घातले तर चालते हे १९१५ मध्ये न्यूयॉर्कच्या रिचर्ड लुईसॉन यांनी ठरवले. तेही आधी कुत्र्यांवर. १९१६ साली बाल्टिमोरला जे मॅक्लीन या विद्यार्थ्याच्या प्रयोगांतून रक्त न गोठू देणारे आणखी एक द्रव्य पुढे आले. ते कुत्र्याच्या यकृतात सापडले. यकृताला ग्रीकमध्ये 'हेपार' म्हणतात, म्हणून त्याचे नाव हिपॅरिन. आज हृदयाच्या बहुतेक शस्त्रक्रियांत, बहुतेक डायलिसिसला जे वापरतात ते हेच.

रक्त गोठले नाही म्हणून ते टिकते असे नाही. तांबडी पेशी पिशवीतही जिवंत असते. तिला खायला साखर लागते. साखर खाऊन ती आम्ल सोडते आणि त्या आम्लातच ती हळूहळू थकते. म्हणून दोन गोष्टी कराव्या लागतात. तिला शिधा द्यायचा आणि थंडीत ठेवून तिची भूक कमी करायची. १९१६ मध्ये राऊस आणि टर्नर यांनी सायट्रेटमध्ये साखर घातली. १९१७ साली ऑस्वाल्ड रॉबर्टसन या लष्करी डॉक्टरने तेच वापरून फ्रान्सच्या युद्धभूमीवर बर्फाच्या पेट्यांत रक्त साठवले. १९३७ साली शिकागोच्या बर्नार्ड फँटस यांनी अशा साठ्याला 'ब्लड बँक' हे नाव दिले. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, लाउटिट आणि मॉलिसन यांनी थोडे आम्ल घालून मुदत तीन आठवड्यांवर नेली. पुढे फॉस्फेट आणि ॲडेनीन आले आणि मुदत पस्तीस दिवस झाली. आमच्या पिशवीच्या तळाशी असणारे ते ४९ मिलिलिटर म्हणजे हा सगळा इतिहासच आहे.

आता गोठवण्याकडे येते, कारण लोकांचा इथे हमखास गोंधळ होतो. "रक्त फ्रीझरमध्ये टाकून ठेवा की वर्षभर," असे मला कितीतरी जणांनी सुचवले आहे. नेमके तेच करायचे नसते. पाणी गोठले की त्याचे स्फटिक होतात. तांबडी पेशी म्हणजे पाण्याने भरलेली नाजूक पिशवीच. ती गोठली की फुटते. वितळवल्यावर हाती येते ते लाल सरबत. ते शिरेत गेले तर मूत्रपिंडावर आघात होतो.

यावर उपाय सापडला तो एका चुकीतून. १९४९ साली लंडनच्या मिल हिल इथल्या संशोधन संस्थेत ख्रिस्तोफर पोल्ज, ऑड्री स्मिथ आणि ॲलन पार्क्स कोंबड्याचे वीर्य गोठवून पाहत होते. साखरेचा द्रव घालून जमत नव्हते. एक दिवस अचानक जमले. नंतर कळले की बाटलीवरचे लेबल चुकीचे होते आणि आत ग्लिसरीन होते. ग्लिसरीन पाण्याला टोकदार स्फटिक करू देत नाही. लगेच पुढच्या वर्षी ऑड्री स्मिथ बाईंनी तेच तांबड्या पेशींवर करून दाखवले आणि १९५१ मध्ये गोठवून वितळवलेल्या पेशी माणसाच्या अंगात टिकल्याचेही सिद्ध झाले.

मग सगळेच रक्त असे का गोठवत नाहीत? कारण वितळवल्यावर ते ग्लिसरीन पुन्हा पुन्हा धुऊन काढावे लागते. वेळ जातो, यंत्र लागते, खर्च फार आणि धुतलेल्या पेशी लगेच वापराव्या लागतात. म्हणून ही चैन फक्त अतिदुर्मिळ रक्तासाठी करतात. आपल्या शहराचे नाव लागलेला 'बॉम्बे' रक्तगट त्यांतलाच. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी तो जगापुढे आणला. आपल्याकडे सुमारे दहा हजारांत एखाद्याचा तो असतो आणि त्याला दुसरे कुठलेही रक्त चालत नाही.

सहज गोठवता येते ते प्लाझ्मा, म्हणजे पेशी बाजूला काढल्यावर उरणारा पिवळसर द्रव. त्यात फुटायला पेशीच नसतात. रक्त काढल्यापासून आठ तासांच्या आत वेगळे करून उणे अठरा अंशांखाली ठेवले तर रक्त गोठवणारे सगळे घटक वर्षभर शाबूत राहतात. तेव्हा एका पिशवीतून दोन वस्तू निघतात. तांबड्या पेशी जातात फ्रिजमध्ये, महिनाभरासाठी. प्लाझ्मा जाते फ्रीझरमध्ये, वर्षभरासाठी. एका कुत्र्याच्या रक्ताने दोन कुत्री वाचू शकतात.

कुत्र्याला प्लाझ्मा कशाला लागते? मुंबईतले उत्तर सोपे आहे : उंदराचे औषध. हल्लीच्या उंदीरनाशक वड्यांपैकी बऱ्याच रक्त पातळ करणाऱ्या जातीच्या असतात. कुत्र्याने वडी खाल्ली, किंवा ती खाऊन मेलेला उंदीर खाल्ला, की तीन-चार दिवसांनी आतल्या आत रक्तस्राव सुरू होतो. 'के' जीवनसत्त्वाने तो थांबतो, पण त्याला वेळ लागतो. तोवर प्लाझ्मा हात देते.

या औषधाचा इतिहासही पशुवैद्यांच्या दारातूनच जातो. १९२० च्या दशकात कॅनडात आणि उत्तर अमेरिकेच्या थंड मुलखात गुरे शिंग कापल्यावर रक्त वाहून मरत होती. फ्रँक स्कोफील्ड या पशुवैद्याने दाखवले की बुरशी लागलेला गोड क्लोव्हर नावाचा चारा याच्या मुळाशी आहे. चारा बदला आणि निरोगी जनावराचे ताजे रक्त द्या, की गुरे वाचतात. १९३३ च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी मेलेली कालवड आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेले रक्त घेऊन हिमवादळातून कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या दारात जाऊन उभा राहिला. लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्या चाऱ्यातले द्रव्य शोधले आणि त्याच घराण्यातले वॉरफरिन पुढे उंदीर मारायला बाजारात आले. आज तेच हृदयरोग्यांना गोळीच्या रूपात मिळते. आणि रक्तस्रावी हिमोफिलियाच्या मुलांना ज्या उपचारांनी जगवले, त्यांची पूर्वतयारी १९४७ पासून अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात हिमोफिलिया असलेल्या कुत्र्यांच्या एका कळपावर झाली.

इतके सगळे कुत्र्याकडून घेतले, आणि त्याला द्यायची वेळ आली तेव्हा आमच्याकडे फोन नंबरांची यादी होती!

खरे तर कुत्र्याचे रक्त साठवायला काही बाबतींत माणसाच्या रक्तापेक्षा सोपेच आहे. साठवलेल्या माणसाच्या रक्तात पेशींतले पोटॅशियम बाहेर झिरपते, ते हृदयाला धोक्याचे. बहुतेक कुत्र्यांच्या तांबड्या पेशींत पोटॅशियम मुळातच कमी, त्यामुळे ती भीती थोडी. पिशवी तीच, द्रव तोच, फ्रिजचे अंशही तेच. पंचवीस किलोंच्या वरचा निरोगी कुत्रा साडेतीनशे ते साडेचारशे मिलिलिटर रक्त सहज देऊ शकतो आणि काही आठवड्यांत ते भरून निघते. भूल द्यावी लागतेच असे नाही. शांत स्वभाव, ओळखीचा माणूस आणि हातात खाऊ असला की दहा-पंधरा मिनिटांत काम होते.

मुंबईची पशुवैद्यकाची परंपराही आजची नाही. १८३२ साली फोर्टात कंपनी सरकारने भटकी कुत्री मारायला सुरुवात केली तेव्हा पारशी मंडळी रस्त्यावर उतरली होती. दोनच वर्षांत भुलेश्वरला पांजरपोळ उभा राहिला, तो सर जमशेटजी जिजीभॉय यांच्या पुढाकाराने. १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी संस्था आली. सर दिनशा पेटिट यांनी दिलेल्या जागेवर परळला बाई साकरबाई यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ झाले आणि तिथेच १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. त्याच परळात के.ई.एम.च्या आवारात माणसाच्या रक्ताचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था आहे. दोन्ही जागा इतक्या जवळ, की पायी जाता यावे. माणसाच्या रक्ताची व्यवस्था मात्र फार पुढे गेली.

ती आपोआप पुढे गेली नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. मी नोकरीला लागले तेव्हा रक्त विकणारे होते. सकाळी रांगेत तेच ते चेहरे. पंधरा दिवसांपूर्वी दिलेले असायचे तरी पुन्हा हजर. त्यांचे रक्त इतके फिके, की मोरचुदाच्या द्रावणात टाकलेला थेंब खाली बुडतच नसे. लीला मुळगावकर यांनी १९५४ पासून या शहरात ऐच्छिक रक्तदानाची चळवळ चालवली. तरी पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर बंदी यायला सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा निकाल लागला आणि १ जानेवारी १९९८ पासून ती अमलात आली.

जनावरांच्या रक्तातही हाच प्रश्न येतो. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कुत्र्यांच्या रक्तपेढ्या निघाल्या. पण कॅलिफोर्नियासारख्या राज्यात कित्येक वर्षे ही रक्ते फक्त रक्तासाठी कोंडून ठेवलेल्या कुत्र्यांकडून येत. घरातल्या कुत्र्यांना दान करू देणारा कायदा तिथे २०२१ मध्ये झाला. ब्रिटनमध्ये २००७ साली स्थापन झालेली रक्तपेढी पहिल्यापासूनच घरच्या कुत्र्यांच्या शिबिरांवर चालते. कुत्रा सही करत नाही, हे खरे. पण तो टेबलावर अंग चोरतो की शांत पडतो, हे पाहता येते. शांत नसेल त्याला सोडून द्यायचे, असा तिथला शिरस्ता. पोत्यात घालून आणलेल्या त्या काळ्या कुत्र्याची मला ते वाचताना आठवण झाली.

आता वाघ्याचे पुढे काय झाले ते सांगते. २०१८ च्या ऑगस्टमध्ये त्याला पुन्हा तोच ताप आला. मुंबईच्या गोचिडीत दोन जंतू हमखास असतात. त्यांतला बाबेसिया गिब्सनी हा पहिल्यांदा १९१० साली मद्रासच्या शिकारी कुत्र्यांत सापडला, म्हणजे आपल्याच देशातला. तो अंगातून पुरता जाणे कठीण. दबून राहतो आणि पुन्हा उठतो.

या वेळी मी घाबरले नाही. अंधेरीला फोन केला. ब्रूनोचे मालक म्हणाले, "निघालोच." ब्रूनो आला, शेपटी हलवत टेबलावर चढला. मी डॉक्टरला म्हटले, जुळणी करून पाहू. माणसांसाठी जन्मभर केली, तशीच केली. ब्रूनोच्या तांबड्या पेशी सलाईनने धुतल्या, त्यांत वाघ्याच्या रक्तातला वरचा द्रव मिसळला आणि काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. पेशींच्या गुठळ्याच गुठळ्या. वाघ्याच्या स्वतःच्या पेशी त्याच्याच द्रवात स्वच्छ सुट्या होत्या, म्हणजे चूक तपासणीत नव्हती.

कुत्र्यांचे रक्तगट डझनाहून अधिक आहेत. त्यांतला महत्त्वाचा म्हणजे ज्याला डी.ई.ए. एक म्हणतात तो. माणसाच्या अंगात दुसऱ्या गटाविरुद्धची शस्त्रे जन्मानंतर काही महिन्यांतच तयार होतात. कुत्र्याच्या अंगात या गटाविरुद्ध ती आधीपासून नसतात. म्हणून पहिल्या वेळी कुठलेही रक्त बहुधा खपून जाते. पण ते न जुळणारे असेल तर शरीर ते लक्षात ठेवते, आणि दुसऱ्या वेळी तेच रक्त जीव घेऊ शकते. २०१६ मध्ये ज्या रक्ताने वाघ्याला उठवले तेच आता त्याला देता येत नव्हते. तेव्हा घाईत कोणी गट पाहिला नव्हता. मीही विचारले नव्हते. तीस वर्षे गट पाहिल्याशिवाय पिशवी खिडकीबाहेर न सोडणाऱ्या मी!

दुसरा कुत्रा भांडुपहून आला. पुन्हा गुठळ्या. तिसरा जुळला असता की नाही, हे कळले नाही. तो बोरिवलीहून निघाला आणि वाटेत असतानाच वाघ्या गेला. फ्रिजमध्ये गट तपासलेल्या चार पिशव्या असत्या, तर त्यांतली एखादी जुळण्याची शक्यता पुष्कळ होती.

तेव्हापासून पुष्कळ घडले आहे. चेन्नईच्या मद्रास व्हेटरिनरी कॉलेजात आणि लुधियानाच्या पशुवैद्यक विद्यापीठात कुत्र्यांच्या रक्तपेढ्या आहेत. २०२४ च्या जूनमध्ये महालक्ष्मीचे टाटांचे नवे प्राण्यांचे इस्पितळ सुरू होण्याच्या सुमाराला तिथल्या सात महिन्यांच्या एका कुत्र्याला रक्त हवे होते. आजार तोच, गोचीडतापाचा संशय आणि जीवघेणा पंडुरोग. रतन टाटांनी स्वतः मुंबईकरांना जाहीर विनंती केली. ते त्याच वर्षी ऑक्टोबरात गेले. इतक्या मोठ्या माणसालाही साठ्यातली पिशवी नव्हे, तर दाता कुत्राच शोधावा लागला, हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने प्राण्यांच्या रक्तपेढ्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे मांडली. गट तपासणी, जुळणी आणि पैसे न घेता दान यांवर त्यांचा भर आहे.

उपनगरांत काय करता येईल, हे मला रक्तपेढीच्या हिशेबाने दिसते. गोचीडतापाचे रुग्ण पावसाळ्याच्या आगेमागे वाढतात, असा डॉक्टरांचा अनुभव. तांबड्या पेशी महिनाभरच टिकतात, तेव्हा त्यांच्यासाठीचे दाते जूनपासून पाळीपाळीने बोलवायला हवेत. प्लाझ्मा वर्षभर टिकते, ते हिवाळ्यात शांतपणे जमवून ठेवता येते. घरच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा यासाठी चालत नाही. तो सारखा उघडतो, तापमान वरखाली होते. वेगळा फ्रीझर, जनित्र, पेशी वेगळ्या करणारे थंड यंत्र आणि रोज काटा वहीत लिहिणारा माणूस हवा. प्रत्येक दवाखान्याला हे परवडणार नाही. पण अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड अशा चार ठिकाणी मिळून एकेक साठा असला तरी रात्री दीडला कोणाला पावसातून गाडी हाकावी लागणार नाही.

तोवर मी एक वही ठेवली आहे. रक्तपेढीत ठेवायचे तशीच, लाल शाईने रकाने आखलेली. कुत्र्याचे नाव, वय, वजन, रक्तगट, लस, गोचिडीचे औषध, शेवटचे दान. आज त्यात सदतीस कुत्री आहेत. त्यांतल्या बावीस जणांचाच गट तपासलेला आहे, बाकीच्यांच्या मालकांच्या मी मागे लागले आहे. आपल्याकडे पंचवीस किलोंच्या वरचा, एक ते आठ वर्षांचा, धडधाकट कुत्रा असेल तर पुढच्या लसीच्या वेळी डॉक्टरांना एवढेच सांगा, की याचा गट पाहून कार्डावर लिहून द्या. आजारी पडल्यावर नव्हे, आत्ताच.

ब्रूनो आता म्हातारा झाला, त्याचे नाव मी वहीतून काढले नाही, फक्त दानाच्या रकान्यात 'निवृत्त' असे लिहिले. गेल्या आठवड्यात त्याच्या मालकांचा फोन आला होता. त्यांच्याकडे नवे पिल्लू आले आहे. वीस किलोंचे झाले की कळवतो म्हणाले. मी म्हटले, पंचवीस होऊ द्या.